हॉर्मोनराव

कोलकात्यात रवींद्र सरोवराच्या काठी पहाटे दोन जातींची माणसं दिसतात. एक, फेरी झाली की चहाच्या टपरीकडे वळणारी. दुसरी, त्यांना अडवून ग्रंथींवर बोलणारी. आमचे हॉर्मोनराव दुसऱ्या जातीतले.

आधी धावायचं की आधी वजनं उचलायची, या प्रश्नापुढे त्यांना लेकीचं लग्नही किरकोळ वाटलं होतं. हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासात आरतीनंतर प्रसादाचा द्रोण हातात पडतो न पडतो, तोच ते १९८० सालात शिरतात. "हिक्सन नावाच्या शास्त्रज्ञानं एका गटाकडून दोन्ही व्यायाम करून घेतले, १० आठवडे. ताकद वाढत गेली, सातव्या आठवड्याच्या सुमारास अडली, मग चक्क घसरली! म्हणून मी दोन्हींची सरमिसळ करत नाही."

"त्याची माणसं आठवड्यातून ५ दिवस वजनं उचलायची आणि ६ दिवस दम काढायची. तुमचं किती?"

"पाऊस नसला तर दोनदा."

वजनांनी टेस्टोस्टेरॉन चढतं आणि लांब धावण्यानं कॉर्टिसॉल, एवढं त्यांना पाठ आहे. चढलेलं टेस्टोस्टेरॉन तासाभरात पूर्वपदावर येतं, स्नायू काही तेवढ्यावर वाढत नाहीत, आणि कॉर्टिसॉल तर रोज सकाळी आपसूकच वर असतं, असं डॉक्टरांनी समजावलं. तेव्हापासून राव अंथरुणातून उठायलाही बिचकतात.

जिममधल्या दादानं एकदा मनोहर आइच यांचा दाखला दिला. याच शहरातले, उंची जेमतेम ४ फूट ११ इंच. १९५२ साली मिस्टर युनिव्हर्स झाले, १०४ वर्षं जगले. "आइचबाबू पांता भात खायचे, दादा. रिपोर्ट नाही." रावांनी वहीत लिहून घेतलं : 'रात्रभर भिजवलेला भात – कोणतं हॉर्मोन?'

परवा त्यांनी सगळी हॉर्मोनं तपासून घेतली. सगळी नॉर्मल निघाली. वहिनींनी शेजारीपाजारी संदेश वाटले. राव तोंड पाडून बसले. "एवढे पैसे मोजून एकही बिघाड नाही? लॅब बदलायला हवी."

"लॅब राहू द्या," वहिनी म्हणाल्या. "खाली तांदळाच्या गोण्या आल्यात. तिसऱ्या मजल्यावर आणा, भरभर. दोन्ही व्यायाम होतील."

"एकाच वेळी? अगं, तो हिक्सन..."

"त्यालाही हाक मारा. गोण्या दोन आहेत."