खेड्यातल्या चर्चचं इम्प्रेशनिस्ट चित्र : धरणगावच्या नवशिक्यांसाठी

सगळ्यात आधी पट्टी आणि खोडरबर घरातल्या शाळकरी पोराला देऊन टाका. त्याला एलिमेंटरीच्या परीक्षेला कामी येतील. तुमच्या चित्रात सरळ रेघ आली की खेळ संपला.

आता चर्च. समोर असलं तर उत्तम. नसेल तर जुनं देऊळ, मशीद, जिनिंगची भिंत, काहीही चालतं. इम्प्रेशनिस्टाची भक्ती फक्त उन्हावर. फ्रान्समधल्या मोरे गावचं एकच चर्च सिस्लेनं 1893-94 मध्ये पुन्हापुन्हा रंगवलं, ते काही नवस फेडायला नव्हे. प्रहराप्रहराला भिंतीचा रंग बदलत होता म्हणून. आपल्याकडे एवढी चैन नाही. मे महिन्यात नऊ वाजले की धरणगावात सगळंच पांढरंफटक. साडेसहाला बसा, साडेआठला गाशा गुंडाळा.

फटकारे छोटे, तुटक, शेजारी-शेजारी मारा. घोटत बसू नका. रंग मिसळायचं काम बघणाऱ्याच्या डोळ्यांवर सोडा. बघणारे येतीलच. पहिला विचारेल, "काय करी राह्यना भाऊ?" दुसरा म्हणेल, चर्च वाकडं झालंय. त्याला मोबाइलवर व्हॅन गॉगचं ओव्हेरचं चर्च दाखवा. जून 1890 मधलं. भिंती डुलताहेत, आभाळ गर्द निळं, छपरावर जांभळा-केशरी, आणि आत शिरायला दारच दिसत नाही, कारण चित्रकार मागच्या अंगाला बसला होता. (जाणकार त्याला पोस्ट-इम्प्रेशनिस्ट म्हणतात. नवशिक्यांनी त्या भांडणात पडू नये.)

29 जुलैला व्हॅन गॉग गेला आणि 13 ऑगस्टला, त्याच साली, धरणगावात बालकवी जन्मले. त्यामुळे "आमच्या गावात रंग कोणाला कळतात?" ही सबब चालणार नाही.

राहिला काळा रंग. तो विकत घेऊच नका. सावली काळी नसते. सकाळी चुन्याच्या भिंतीवर पडलेली निंबाची सावली बघा, चक्क निळसर दिसेल. बालकवींनी 'औदुंबर'च्या आठ ओळींत निळा, हिरवा, पांढरा वापरून वर काळाही वापरलाय, हे खरं. पण ते बालकवी होते. तुम्ही निळ्यावरच भागवा.