तुम्ही कुणाशी लग्न केलंत?

तोक्योच्या ऑफिसात रुजू होऊन मला तीन आठवडे झाले होते आणि शुक्रवारी 'नोमिकाई' होती. नोमिकाई म्हणजे ऑफिसातल्या सगळ्यांनी एकत्र बसून प्यायचं. दिवसभर ज्यांच्या तोंडून 'हो, समजलं' याखेरीज अक्षर फुटत नाही ती माणसं इथे मोकळी होतात, आणि सोमवारी कुणालाच काही आठवत नाही असा अलिखित करार असतो. माझ्या हातात उलाँग चहाचा पेला होता. टेबलावर एकेकाला काहीतरी विचारणं चाललं होतं. पुण्यात शिकलेलं माझं जपानी त्या गलक्यात फार काळ तगणारं नव्हतं. शेवटी आमचे काचो-सान, म्हणजे विभागप्रमुख, माझ्याकडे वळले आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "आणि तुम्ही कुणाशी लग्न केलंत?"

मी म्हणालो, "मंगलशी."

टेबल चिडीचूप झालं. समोरच्या उंच पोरानं जरा वेळानं शेजारच्याला विचारलं, "मंगल? ही नव्या आवृत्तीत आहे का?"

मग उलगडा झाला. प्रश्न माझ्या संसाराचा नव्हता, 'ड्रॅगन क्वेस्ट ५' या व्हिडिओ गेमचा होता. १९९२ च्या सप्टेंबरात तो आला. त्यात मध्यावर नायकाला बायको निवडावी लागते: बियांका की फ्लोरा? पुढे २००८ मध्ये निन्तेन्दो डीएसवरच्या आवृत्तीत देबोरा नावाची तिसरी मुलगी आली, पण ती धरून चालत नाहीत. उशिरा सांगून आलेलं स्थळ ते. जपानमध्ये चाळिशीतल्या माणसाला पगार विचारणं असभ्य, वय विचारणं असभ्य. हा प्रश्न मात्र विचारता येतो, आणि समोरचा पेला खाली ठेवून उत्तर देतो. त्या रात्री सगळ्यांनी उत्तरं दिली. काचो-साननी स्वतः दिलं नव्हतं, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

आता थोडी वंशावळ. ही मालिका १९८६ च्या मे महिन्यात सुरू झाली. गोष्ट आणि रचना युजी होरींची, चित्रं 'ड्रॅगन बॉल'वाल्या आकिरा तोरियामांची आणि संगीत कोइची सुगियामांचं. सुगियामा तेव्हा पंचावन्न वर्षांचे होते. जपानी बुद्धिबळाचा एक संगणकीय खेळ खेळून त्यांनी एनिक्स कंपनीला ग्राहकाचं अभिप्रायपत्र पाठवलं, त्यातून ओळख झाली आणि काम मिळालं. मी आजवर कित्येक कंपन्यांना अभिप्राय पाठवले, मला फक्त कूपनं आली. त्याच सुगियामांची सुरावट २०२१ साली तोक्यो ऑलिंपिकच्या उद्घाटनाला खेळाडूंच्या संचलनात वाजली. आणि या खेळातला सगळ्यात दुबळा राक्षस, स्लाइम, होरींनी कागदावर नुसता चिकट ढीग म्हणून काढला होता. तोरियामांनी त्याचा निळा थेंब केला आणि त्याला हसू दिलं. तेव्हापासून लहान मुलं हसत्या थेंबाला बडवून मोठी होत आहेत.

पण चाहत्यांशी बोलायला लागलं की कळतं, ड्रॅगन कुणाच्या फारसा लक्षात नसतो. लक्षात असतात त्या जखमा.

हिशेबखात्यातल्या बाईंची जखम १९८७ ची आहे. पहिल्या दोन भागांत खेळ साठवून ठेवायची सोयच नव्हती. यंत्र बंद करण्याआधी पडद्यावर 'पुनरुज्जीवनाचा मंत्र' उमटे. तो वहीत उतरवायचा आणि दुसऱ्या दिवशी जसाच्या तसा भरायचा. पहिल्या भागात वीस अक्षरं, दुसऱ्या भागात बावन्नपर्यंत. अर्थ शून्य. आपल्याकडे घाईत 'ध'चा 'घ' होतो. हिरागानात 'नु' आणि 'मे' यांच्यात शेपटीच्या एका गाठीचा फरक, आणि 'ने', 'रे', 'वा' ही तर एका आईची तीन लेकरं. दादा मोठ्यानं वाचायचा, सहा वर्षांची बहीण लिहून घ्यायची. एके दिवशी यंत्र म्हणालं, मंत्र चुकला आहे. कुठे चुकला ते सांगायची पद्धत नव्हती. भावानं रात्रभर 'ने'चा 'रे' आणि 'रे'चा 'वा' करून पाहिला. नंतर आठवडाभर तो बहिणीशी बोलला नाही. बाई आज माझ्या प्रवासखर्चाचा प्रत्येक आकडा दोनदा तपासतात, आणि मी कधी तक्रार करत नाही.

तिसऱ्या भागात बॅटरी आली, खेळ कॅसेटमध्येच साठू लागला आणि लोकांना वाटलं, सुटलो. तो भाग १० फेब्रुवारी १९८८ ला विक्रीला आला. बुधवार होता. शाळा बुडवून रांगेत उभ्या राहिलेल्या शेकडो मुलांना पोलिसांनी हटकलं. पुढचे भाग मग सुट्टीच्या दिवशी येऊ लागले. तसा कायदाच झाला असं अनेक जण छातीठोकपणे सांगतात, पण कायदाबियदा काही नाही. कंपनीनंच शहाणपण दाखवलं. आमचे बुचो, म्हणजे काचोंचेही वरिष्ठ, त्या रांगेत होते. शाळेत पोटदुखीचं कारण दिलं होतं. आता रजेच्या अर्जांवर सही त्यांची लागते आणि 'पोटदुखी' हा शब्द दिसला की ते चष्मा काढून अर्जदाराकडे बघतात.

बॅटरीचंही सुख पुरतं नव्हतं. कॅसेटला जरा धक्का बसला की साठवलेलं पुसलं जाई. उंच पोराच्या थोरल्या भावाचं तीन महिन्यांचं साहस आईच्या व्हॅक्यूम क्लीनरनं एका फटक्यात ओढून नेलं. यंत्र सुरू केलं की आधी शाप लागल्याची ती कुप्रसिद्ध धून वाजे आणि मग अक्षरं उमटत. त्यांचा मथितार्थ असा, की कळवण्यास अत्यंत खेद होतो, आपली साहसाची वही नाहीशी झाली आहे. तुमचं वाटोळं झाल्याची बातमी देतानाही आधी दिलगिरी. आमच्या क्लायंटना मी जी पत्रं लिहितो त्यांचा नमुना कुठून आला, ते मला त्या दिवशी समजलं.

चौथ्या भागाच्या मूळ आवृत्तीत शेवटच्या प्रकरणात सोबती आपल्या मनानं लढतात; त्यांना हुकूम देता येत नाही. त्यात क्लिफ्ट नावाचा एक पुरोहित आहे. त्याला मृत्यूचा मंत्र येतो. मोठ्या राक्षसांवर तो मंत्र मुळीच चालत नाही, आणि क्लिफ्ट मोठ्या राक्षसांवर तोच म्हणत राहतो. इकडे सगळे मरायला टेकलेत, जखमा भरायचं काम त्याचं, आणि हा पुन्हा तोच मंत्र. आमच्या निशी-कासाईच्या इमारतीतल्या रहिवाशांच्या सभेत एक काका आहेत. विषय पाणीगळतीचा असो की सायकलींचा, ते 'सूचनाफलक लावावा' असं सुचवतात. मी मनातल्या मनात त्यांना क्लिफ्ट-सान म्हणतो.

तर मी एक जुना डीएस आणि पाचव्या भागाची कॅसेट विकत घेतली. मंगलला सांगितलं, जपानी सुधारण्यासाठी. ती म्हणाली, "गिटारही असंच घेतलं होतंत."

खेळताना पहिला धक्का घरांचा बसला. या देशात शेजाऱ्याच्या दारात पाय ठेवताना 'त्रास देतोय' असं म्हणावं लागतं, बूट काढून त्यांची टोकं दाराकडे वळवून ठेवावी लागतात. आणि यांचा लाडका नायक कुणाच्याही घरात बुटांसकट घुसतो, कपाटं उघडतो, मडकी फोडतो, सापडेल ते खिशात टाकतो, आणि घरमालक शेजारी उभा राहून हवापाण्याच्या गप्पा मारतो. हे कसं काय, असं मी उंच पोराला विचारलं. तो जरा विचारात पडला आणि म्हणाला, "कारण तो नायक आहे." मंगलनं मात्र पडदा पाहून हिशेब विचारला, "आत्तापर्यंत किती जमलं?" खेळाचं मर्म तिला माझ्याआधी सापडलं होतं. रात्रीच्या सराईचं भाडं किती, जुनी तलवार विकून किती येतील, औषधी पाला आत्ता घ्यावा की पुढच्या गावात. जगाचा अंत जवळ आलेला असतो आणि आपण चिलखतासाठी पैसे साठवत असतो.

गोष्ट मात्र पोटात कालवाकालव करणारी आहे. नायक लहान असताना त्याच्या डोळ्यांदेखत बाप जाळला जातो. मरताना बाप एक लांबलचक किंकाळी फोडतो, ती तमाम चाहत्यांना पाठ आहे. आमच्या ऑफिसात सर्व्हर पडला की कोपऱ्यातून कुणीतरी ती बारीक आवाजात फोडतं. मग दहा वर्षं गुलामी. आणि पुढे आठ वर्षं नायक दगडाचा पुतळा होऊन एका श्रीमंताच्या अंगणात उभा असतो, ऊनपावसात, काही न बोलता. एका कंपनीत मी नेमका एवढाच काळ काढला आहे, त्यामुळे तो भाग फार जवळचा वाटला.

लग्नाचा प्रसंग माझ्या नशिबात तोझाई लाइनवर आला. सकाळची सव्वाआठची गाडी. तोझाई लाइनच्या गर्दीत डीएस हनुवटीखाली धरूनच खेळता येतो, त्यामुळे तो आपोआप आणखी चौघांना दिसतो. आदली रात्र मी मिनामी-सुनामाचीला संपवली होती. त्या रात्री नायक गावात फिरतो. बालमैत्रीण बियांका खिडकीशी जागी असते. धनाढ्य रुदोमानची मुलगी फ्लोरा शांत झोपलेली असते. (मंगलचं मत: जिला आदल्या रात्री झोप लागते तीच पुढे संसार निभावते.) फ्लोराशी केलं तर सासऱ्याकडून सोनं आणि भेटवस्तू. आणि बियांकाला नाही म्हटलं, तर ती आजारी बापाला घेऊन डोंगरातल्या गावी तशीच एकटी राहते, कायमची.

किबा स्टेशन गेलं. दिवाणखान्यात सगळे जमले. इथे बटण दाबून नाव निवडायचं नसतं. आपल्या छोट्या माणसाला चालवत जिच्याशी लग्न करायचं तिच्यापुढे नेऊन उभं करावं लागतं. मी व्यवहारी माणूस. मी फ्लोराच्या दिशेनं एक पाऊल टाकलं.

डाव्या कानाशी कुणीतरी खोकलं.

पन्नाशीचे गृहस्थ, काळा सूट, हातात ब्रीफकेस, डोळे छतावरच्या जाहिरातीवर. जपानी गाडीत अनोळखी माणसाशी कुणी बोलत नाही. मी आणखी एक पाऊल टाकलं. पुन्हा खोकला, या वेळी जरा दुःखी. मोनझेन-नाकाचो आलं तेव्हा उजवीकडच्या बाईंनीही फोनवरून नजर काढून माझ्या पडद्यावर लावली होती. मी नायकाला वळवलं, बियांकापुढे उभं केलं आणि 'हो' म्हटलं. कायाबाचोला ते गृहस्थ उतरले. उतरताना त्यांनी मान किंचित झुकवली, लग्नाला आलेले पाहुणे निघताना झुकवतात तशी.

पुढच्या नोमिकाईत मी जाहीर केलं: बियांका. टाळ्या पडल्या, कुणीतरी मला बिअर पाजायचा प्रयत्न केला. काचो-सान हसले, पण स्टेशनाकडे चालताना ते माझ्या बरोबरीनं मागे रेंगाळले.

"मी फ्लोराशी केलं," ते म्हणाले. "तेरा वर्षांचा होतो. मित्रानं सांगितलं, सोनं मिळतं."

मी म्हणालो, लहान होतात.

"२००४ साली प्लेस्टेशनवर नवीन आवृत्ती आली, तेव्हा ठरवूनच बसलो होतो, या वेळी बियांका. आणि पुन्हा फ्लोरापुढे जाऊन उभा राहिलो. इतक्या वर्षांचा संसार, मोडवला नाही." सिग्नल लाल होता. रस्त्यावर एकही गाडी नव्हती, तरी आम्ही थांबलो. "दर वेळी मी त्या डोंगरातल्या गावी जातो. खेळात काही गरज नसते. जातो, तिच्याशी एकदा बोलतो, परत येतो." आणि मग अगदी हळू आवाजात, "बायकोला माहीत नाही." सिग्नल हिरवा झाला.

घरी आलो तर मंगल डीएस घेऊन बसलेली. साहसाच्या दुसऱ्या वहीत तिनं आपला खेळ कधी सुरू केला होता, मला पत्ता नव्हता. जपानी तिला फार येत नाही. दुकानातल्या किमती मात्र सगळ्या पाठ. तीही रुदोमानच्या दिवाणखान्यातच पोचली होती.

"अहो, बरं झालं आलात. काय म्हणतायत या वाचून दाखवा."

मी तिघींचंही वाचून दाखवलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"आणि हा बाजूला उभा आहे तो?"

"रुदोमान. मुलींचा बाप."

"घर कुणाचं?"

"त्याचं."

"पैसा?"

"त्याचाच."

"ते जहाज जहाज म्हणत होतात ते?"

"तेही त्याचंच."

मंगलनं नायकाला तिन्ही मुलींसमोरून नेऊन रुदोमानपुढे उभं केलं आणि बटण दाबलं. होरींनी याचीही तजवीज करून ठेवलेली आहे, हे मला ठाऊक नव्हतं. रुदोमान हबकला. मी? माझ्यावर प्रेम? छे छे, असं कसं चालेल!

"काय म्हणतोय?"

"पुन्हा एकदा नीट विचार कर म्हणतोय."

"केला," मंगल म्हणाली, आणि पुन्हा त्याच्याच समोर जाऊन उभी राहिली.