मामाच्या गावी नव्याने येणाऱ्यांसाठी

तुझ्या कॉलेजने उन्हाळ्याच्या सुट्टीत एक निबंध लिहून आणायला सांगितलाय म्हणे. आपल्या घरची रोजची संस्कृती आणि आपली जडणघडण, असा काहीतरी विषय. तो न्यू जर्सीत बसून सुटेना, म्हणून तू परभणीला येतोयस. ये. पण अमेरिकेतून आलेली भाचेमंडळी मी याआधीही पाहिली आहेत. पहिल्या आठवड्यात ती कुठे कुठे अडखळतात ते मला पाठ आहे, म्हणून ही सूचनापत्रिका. गाव मामाचं असं सगळेच म्हणतात, पण तिथल्या भाकरी मामी थापते. तेव्हा नियमही तिनेच लिहिलेले बरे.

कधी यावे

मे महिन्यात येऊ नये. तू येणारच, कारण तुमची सुट्टी तेव्हाच असते. त्या दिवसांत परभणीचा पारा 44 अंशांच्या आसपास असतो आणि दुपारी बारा ते पाच या वेळात रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. या पाच तासांत फिरायला जाऊ नये, फोटो काढू नयेत आणि मुख्य म्हणजे कुणाला काही विचारू नये. खरा शहाणा पाहुणा डिसेंबरात येतो. तेव्हा कृषी विद्यापीठातल्या हवामान केंद्राचा आकडा पाच अंशांच्या खाली घसरतो, ‘परभणी गारठली’ असा मथळा पेपरात येतो आणि आम्हाला उगाचच अभिमान वाटतो. त्याच सुमाराला शेतात हुरडा असतो. कोवळी कणसं आगटीत भाजायची, हातावर चोळायची, गरम गरम खायची. बरोबर गूळ, दही, शेंगदाण्याची चटणी. संस्कृती वगैरे जे काही तू शोधणार आहेस, ते त्या आगटीभोवती बसल्यावर आपोआप सापडलं असतं. पण असो, तू मे महिन्यात ये.

कसे यावे

रात्रीच्या देवगिरीने येऊ नये. झोपेत मराठवाडा निघून जातो. तू विमानातून पहाटे उतरशील आणि झोप तर उडालेलीच असेल, तेव्हा सरळ तपोवन एक्स्प्रेस धरावी. मनमाडपर्यंत लोक आपापल्या मोबाइलमध्ये असतात. जालना गेलं की समोरचा माणूस डबा उघडतो आणि तुझी मुलाखत सुरू होते.

गाव कुठलं, आडनाव काय, वडील काय करतात, पगार किती, इथे कुणाकडे, तुझ्या मामाचं दुकान मोंढ्यात आहे तेच का. गडबडून जाऊ नये. उत्तरं थोडक्यात आणि खरी द्यावीत. ‘काय शिकतोस’ याला ‘अजून ठरवलं नाही’ असं मात्र म्हणू नये. तुमच्याकडे दोन वर्षं न ठरवता कॉलेजात राहता येतं हे मला ठाऊक आहे, पण इथे दहावीच्या निकालाच्या दिवशी अख्ख्या घराचं ठरलेलं असतं. सेलू येईपर्यंत डब्यातले चार जण मिळून तुझं करिअर ठरवतील आणि मानवत रोडला त्यातला एकजण आपल्या मेहुण्याचा नंबर देईल.

नवखे लोक एका गोष्टीत हमखास चुकतात. समोरचा माणूस चौकशी संपवून खिडकीबाहेर बघू लागला, की आता आपली पाळी आली असं समजावं. त्याला शेती किती, कापूस काय भावाने गेला, सोयाबीन घरात आहे की विकलं, मुलगी कुठे दिली, हे सगळं विचारावं. अमेरिकेतली मुलं सभ्यपणे गप्प बसतात. समोरच्याला वाटतं, पोरगं शिकलेलं आहे पण गर्विष्ठ आहे.

घरात शिरताना

पाया पडण्याचा क्रम वयानुसार. कोण मोठं ते कळत नसेल तर जो दिसेल त्याच्या पाया पडावं, लहान असेल तर तोच मागे सरकतो. पहिल्या चहाला ‘नको’ म्हणावं, दुसऱ्यांदा विचारलं की ‘अर्धा कप’ म्हणावं. येईल तो पूर्णच. ‘लै वाळलास रे’ हे वाक्य घरातला प्रत्येकजण स्वतंत्रपणे म्हणेल. वजनकाट्याचा पुरावा देऊ नये.

जेवायला ज्वारीची भाकरी असेल. तुझ्या बहिणीला ग्लूटेन चालत नाही म्हणून वन्सं फोनवर फार काळजीत होत्या. ज्वारीत ते नसतंच, तेव्हा ती आली तर आमच्या घरात सगळ्यात कमी त्रास तिचाच. इथल्या ज्वारीवर विद्यापीठानेही पुष्कळ काम केलंय. ‘परभणी मोती’ ही रब्बी ज्वारी. ‘परभणी शक्ती’ त्यांनी हैदराबादच्या इक्रिसॅटबरोबर काढली, 2018 साली. तिच्यात लोह आणि जस्त जास्त. ‘परभणी क्रांती’ कुठे वाचलंस तर निबंधात उठावबिठाव लिहून बसू नकोस. ती भेंडी आहे. भेंडीच्या पानांवर पिवळा रोग यायचा, त्याला ती दाद देत नाही.

दार आणि कडी

स्वतःची खोली मागू नये. खोलीत जाऊन दार लावूनही घेऊ नये. या घरात दार लावलं म्हणजे एकतर कपडे बदलणं चाललंय किंवा पोट बिघडलंय. दहा मिनिटांच्या वर झालं की कुणीतरी ओव्याचं पाणी घेऊन कडी वाजवतं. ‘मला जरा एकटं राहायचंय’ असं गेल्या खेपेला तुझा मावसभाऊ म्हणाला, तर त्याला सोबत म्हणून आजी शेजारी जाऊन बसली.

यावर तू पानभर लिहिशील हे मला दिसतंय. लिही, पण अर्धवट लिहू नकोस. आमच्या लेकीलाही खोली हवीच होती. टीव्हीच्या आवाजात अभ्यास होत नाही म्हणून ती स्पर्धा परीक्षेच्या तयारीला पुण्याला गेली. आता तिथे एका खोलीत चौघी राहतात आणि टीव्ही नाही म्हणून खूश आहेत.

नळ

हा भाग नीट वाचावा, कारण तुझ्या निबंधाचा सगळा मालमसाला यात आहे.

नळ रोज येत नाही. येलदरी धरणात पाणी असो नसो, ते आमच्या गल्लीत आपल्या सवडीने येतं. ‘नळ आला’ अशी हाक पडली की जेवतं माणूसही उठतं. तुझे मामा मोटार लावतात आणि मग सूचना देतात. पोरं पाइप धरतात. आजी कुठला हंडा आधी, कुठली टाकी नंतर हे ओट्यावर बसून सांगते. समोरच्या घरात म्हातारी एकटीच आहे, तिच्या दोन घागरी कुणीतरी न सांगता भरतं. कुणी ते ठरवायला मीटिंग घेतलेली नाही. दहा वर्षांच्या पोराला कळतं की आपला हंडा भरायच्या आधी तिची घागर, आणि त्याने ते विसरलं तर त्याच्या आईच्या आधी तिसऱ्याच घरातली काकू त्याचा कान धरते. जडणघडण म्हणतात ती ही. त्या दिवशी मोबाइल खिशात ठेवून पाइप धरावा.

हीच काकू संध्याकाळी तू पानटपरीवर कुणाबरोबर उभा होतास तेही घरी सांगते, तू पोहोचायच्या आधी. घागर आणि चुगली वेगवेगळी मिळत नाही. आमच्यातल्या काहींनी तसं करून पाहिलं, गाव सोडून.

भाची असल्यास

तुझी बहीण आली तर तिला ही पत्रिका पुन्हा पहिल्यापासून वेगळी लिहावी लागेल. दिवेलागणीला घरात. स्टेशन रोडला एकटीने नाही. हे नियम मी केलेले नाहीत, पण पाळले आहेत आणि लेकीला पाळायलाही लावले आहेत. मला ते आवडत नाहीत. ती दीड महिन्यासाठी येऊन ते मोडेल आणि परत जाईल, मग गल्लीत जे बोललं जाईल ते माझ्या लेकीच्या नावावर पडेल. तरी तिने मोडावेत. मी बघून घेईन.

गाव पाहणे

गंगाखेडला जावं. गोदावरीच्या काठाचं गाव, संत जनाबाईंचं. ती लहानपणी पंढरपूरला नामदेवांच्या वडिलांच्या, दामाशेटींच्या घरी आली आणि तिथे कामाला राहिली असं परंपरा सांगते. दळण, कांडण, झाडलोट, शेणी हे सगळं तिच्या अभंगांत आहे, आणि देवही तिच्या कामाला हात लावायला येतो. आमच्या जिल्ह्यातल्या जडणघडणीबद्दल सगळ्यात जुनं आणि सगळ्यात चांगलं लिखाण हेच आहे. तुमच्या प्रोफेसरांना आधी ते दे.

पाथरीला साईबाबांचं जन्मस्थान मानतात. तिथे वाद घालू नये, दर्शन घ्यावं. इथे परभणीत सय्यद शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस फेब्रुवारीत भरतो, तेव्हा तू कॉलेजात असशील. सगळं गाव जातं, कोण कुठल्या धर्माचं हे पाळण्यांच्या रांगेत विचारत नाहीत. तुझ्या पणजोबांचं शिक्षण उर्दूत झालं, कारण हा निजामाचा मुलूख होता. भारत स्वतंत्र झाला तेव्हा आम्ही नव्हतो, आमची सुटका 17 सप्टेंबर 1948 ची. म्हणून शाळेत झेंडावंदन एकदा जास्त.

निबंध लिहिताना

‘यांच्याकडे फार काही नाही, तरी ही माणसं किती आनंदी आहेत’ हे वाक्य लिहू नये. लिहिलंस तर मी इंग्रजी वाचू शकते, हे लक्षात ठेव. बैलगाडीचा फोटो काढण्याआधी बैलजोडीची किंमत विचारावी. आम्ही गरीब आहोत की नाही ते सोयाबीनचा भाव पडतो त्या वर्षी ये आणि मग ठरव.

साधेपणा, आपलेपणा, एकत्र कुटुंब हे शब्द वापरण्यापूर्वी एक काम करावं. एक दिवस जेवण झाल्यावर उठू नये, तिथेच बसून राहावं. कोण कोण जेवतं ते मोजावं आणि शेवटी कोण जेवतं, तिच्या वाट्याला भाजी किती उरते ते बघावं. मग स्वतःचं ताट उचलून मोरीत नेऊन घासावं. तुझे मामा ओरडतील, पाहुण्याला ताट घासायला लावतेस? त्यांच्याकडे लक्ष न देता त्यांचंही घासावं.

येताना काय आणावे

चॉकलेटं आणू नयेत, मनमाडच्या पुढे ती पातळ होतात. बदामाच्या पिशव्या पुरेत, मागच्या वर्षीच्या अजून शिल्लक आहेत. व्हिटॅमिनच्या बाटल्या आजी उघडत नाही, फक्त ओळीत मांडते. आणायचंच असेल तर बटाटे सोलायचा चांगला, पकडायला जाड मुठीचा पीलर आण. दोन आण. एक तुझ्या मामांसाठी.