बाळाची आई, बाहेर थांबा!

एका खासगी रुग्णालयाच्या बालविभागाबाहेर नुकत्याच दोन रात्री बाकड्यावर काढल्या. मोबाइलची बॅटरी संपली की माणूस पाट्या वाचतो. पहिली पाटी नजरेच्या बरोबर समोर, लाल अक्षरांत. डॉक्टर व कर्मचाऱ्यांवर हल्ला केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, गुन्हा अजामीनपात्र. कायदा २०१० चा आहे आणि योग्यच आहे. दुसरी पाटी, चपला बाहेर काढा. तिसरी, एका पेशंटबरोबर एकच नातेवाईक. चौथी पाटी सापडायला दुसरी रात्र यावी लागली, कारण ती मनी प्लांटच्या कुंडीमागे होती. तिचं नाव रुग्णहक्क सनद.

ही सनद दर्शनी भागात लावा, असं राज्य सरकारने जानेवारी २०२१ मध्ये शुश्रूषागृहांचे नियम बदलून सांगितलं आहे. लावली होती हो. दर्शनी भाग तेवढा मनी प्लांटला मिळाला होता.

पानं बाजूला सारून वाचली. आजाराची माहिती मिळण्याचा हक्क, दुसऱ्या डॉक्टरचं मत घेण्याचा हक्क, कागदपत्रं मिळण्याचा हक्क. चांगली आहे सनद. पण रात्री अडीच वाजता, आत आपलं मूल काहीतरी वेगळं दिसतंय आणि कुणी ऐकत नाहीये, अशा वेळी नेमकं कुणाला उठवायचं, हे तिच्यात शोधून सापडलं नाही.

आणि आमची वेळ नेमकी तीच होती.

भाचीचा मुलगा सव्वा वर्षाचा. जन्मापासून हृदयात दोष. एक शंट, म्हणजे रक्ताला वाट करून देणारी नळी, बसवून झालाय, मोठं ऑपरेशन व्हायचंय. अशा मुलाच्या रक्तातला ऑक्सिजन तुमच्याआमच्यासारखा ९८ नसतो, ७५ ते ८५ म्हणजे त्याची तब्येत ठणठणीत. भाचीकडे एक दोनशे पानी वही आहे, शाळेची असते तशी, खाकी कव्हर घातलेली. लेबलावर नावाच्या जागी मुलाचं नाव, इयत्तेच्या जागी जन्मतारीख आणि विषयाच्या जागी ‘हृदय’. आत सगळं तारीखवार. दूध किती मिली, नॅपी किती ओल्या, रक्त पातळ ठेवायची गोळी किती वाजता, ओठांचा रंग कसा. ‘शीर डाव्या पायात मिळते, हातात शोधू नये’, हेही. पहिल्या पानावर लाल शाईत सर्जनने दिलेली ताकीद, की जुलाब-उलट्या झाल्या, अंगातलं पाणी कमी झालं, की शंट बंद पडू शकतो, लगेच आणा.

जुलाब झाले, लगेच आणलं. पहिल्या रात्री आरएमओंनी, म्हणजे ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरांनी, मॉनिटरवर ८० पाहिलं आणि धावपळ सुरू केली.

“आई, ऐंशी म्हणजे सिरियस आहे.”

“डॉक्टर, त्याचं ऐंशीच असतं.”

“आई, तुम्ही डॉक्टर आहात का?”

तिने वही पुढे केली. वरिष्ठांना फोन झाला, धावपळ थांबली. दुसऱ्या रात्री आरएमओ बदलले. जाताना पहिल्याने दुसऱ्याला निरोप दिला होता, याचं कमीच असतं. अडीच वाजता मॉनिटर ६८ वर आला.

“डॉक्टर, सहा तास नॅपी कोरडी आहे. आणि हा माझ्याकडे बघत नाहीये.”

“आई, याचं कमीच असतं ना!”

तिचंच वाक्य तिला परत मिळालं, व्याजासकट. मोठ्या सरांना बोलवा म्हटल्यावर उत्तर आलं, “सर सकाळी राउंडला येतील. तुम्ही जरा बाहेर थांबा.”

भाची ओरडली नाही, रडलीही नाही. म्हणाली, “थांबते. पण केसपेपरवर लिहा. अडीच वाजता आईने सांगितलं, मूल बघत नाही, सहा तास लघवी नाही, ऑक्सिजन ६८. लिहा, वेळ टाका आणि खाली सही करा.”

पेन कागदापर्यंत गेलं आणि तिथेच अडलं. पाचेक मिनिटांत सरांच्या घरी फोन वाजला. सलाइन वाढलं, हृदयाचे डॉक्टर आले. सकाळी सहाच्या सुमाराला आकडा ७९ वर होता आणि पोरगं भोकाड पसरून रडत होतं. फरशी पुसणाऱ्या मावशी हात न थांबवता म्हणाल्या, “आला बाई आवाज.”

बाकड्यावर बसून मी हिशेब मांडला. रुग्णालयाने या बाईकडून दोन दिवसांत काय काय घेतलं? डिपॉझिट घेतलं. अर्ध्या डझनावर सह्या घेतल्या. खालच्या दुकानातून औषधं तिनेच आणली, रक्ताची बाटली घेऊन लॅबमध्ये तीच पळाली, वाफेचं मशीन तिनेच धरलं, नळीतून दूधही तिनेच घातलं. सही करताना ती पालक, पैसे भरताना पार्टी, ओझी वाहताना बाळाची आई. फक्त बोलली की नातेवाईक! आणि नातेवाईकांनी बाहेर थांबायचं असतं.

हे आपल्याकडेच होतं, असं समजून कुणी सुस्कारा टाकू नये. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलची गोष्ट घ्या. २०२१ च्या उन्हाळ्यात मार्था मिल्स ही तेरा वर्षांची मुलगी सायकलवरून पडली, स्वादुपिंडाला मार बसला. पुढे जंतुसंसर्ग रक्तात पसरला. आई मेरोप मिल्स पत्रकार. इंग्रजी उत्तम, देश तिचाच, रुग्णालय नावाजलेलं. सलग सुट्ट्यांचे दिवस येत होते आणि मोठे डॉक्टर नसताना पोर हातची जाईल, ही भीती तिने बोलून दाखवली होती. तिची समजूत काढण्यात आली. अतिदक्षता विभागात वेळेत हलवलं असतं तर बहुधा मार्था वाचली असती, हा निष्कर्ष २०२२ च्या चौकशीत निघाला. तोवर चौदावा वाढदिवस न बघताच ती गेली होती.

त्या आईने काच फोडली नाही, लेखणी उचलली. २०२४ मध्ये इंग्लंडमध्ये ‘मार्थाज् रूल’ आला, पहिल्या फेरीत १४३ रुग्णालयांत. नियम साधा आहे. आपल्या माणसाची तब्येत ढासळतेय आणि ऐकलं जात नाहीये असं वाटलं, तर घरच्यांनी एका नंबरवर फोन करायचा. रात्र असो की सुट्टी, त्याच रुग्णालयातली दुसरी टीम येऊन पेशंट तपासते. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडने हे २०१३ मध्येच केलं, तेही रायन सॉन्डर्स हा तीन वर्षांचाही न झालेला मुलगा २००७ मध्ये गेल्यावर. आईबाप सांगत होते, पोराचं दुखणं वाढतंय. तिथे तीन पायऱ्या आहेत. आधी वॉर्डातल्या नर्सला किंवा डॉक्टरला सांगा, मग प्रमुख नर्सला, तरी समाधान नाही झालं तर फोन करा. दोन्ही नियमांना मुलांची नावं आहेत. आईचं ऐकावं, एवढी गोष्ट नियमात लिहायला दोन मुलं खर्ची पडली.

आता डॉक्टर मंडळी म्हणतील, असा नंबर दिला तर रात्रभर फोन खणखणेल. गूगल वाचून आलेले बाबा, व्हॉट्सॲप वाचून आलेले काका आणि ‘आमच्या वेळी असं नव्हतं’वाली आत्या. भीती खरी आहे. ३६ तासांची ड्युटी ओढणाऱ्या पोरासोरांवर आपण सगळा दवाखाना सोडून झोपी जातो, हेही खरं. त्या आरएमओंचे डोळे मी पाहिलेत, भाचीपेक्षा लाल होते. त्यांनाही सरांना रात्री उठवायची भीती वाटते. तो नंबर त्यांच्याही कामाचा आहे.

पण आज व्यवस्थेला दोनच प्रकारचे नातेवाईक ओळखता येतात. एक गप्प बसणारा आणि एक काचा फोडणारा. पहिल्यासाठी बाकडं आहे, दुसऱ्यासाठी लाल पाटी. वही घेऊन नीट बोलणाऱ्या आईसाठी काहीच नाही. गप्प बसणारा एकदम काचांकडे का वळतो, याचं उत्तर त्या मधल्या रिकाम्या जागेत आहे. लाल पाटी आणखी मोठी करून ती जागा भरत नाही.

आणि आई आत आली की जंतू येतात, हा युक्तिवाद तर आता पुरे. भारतासह पाच देशांत १ ते १.८ किलो वजनाच्या बाळांवर अभ्यास झाला, दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय त्यात होतं. जन्मल्याबरोबर बाळाला काचेच्या पेटीऐवजी आईच्या छातीशी ठेवलं, आईची खाट थेट अतिदक्षता विभागात टाकली. बाळांचे मृत्यू पाव हिश्शाने कमी झाले. फरक इतका स्पष्ट दिसला, की अभ्यास मुदतीआधीच थांबवावा लागला. निष्कर्ष २०२१ मध्ये छापून आले. म्हणजे ज्या साली आपल्याकडे सनद कुंडीमागे गेली, त्याच साली आई हे औषध असल्याचं सिद्ध झालं. आपण त्या औषधाला अजून चपलांच्या रांगेत बसवतो.

मागणी एका ओळीची आहे. सनदेच्या खाली एक फोन नंबर छापा, आणि तो दिवसरात्र उचलणारा डॉक्टर दुसऱ्या टीमचा ठेवा. तोवर आजारी लेकरांच्या आयांनो आणि बाबांनो, दोनशे पानी वही आणा. आकडा, वेळ आणि ‘आज हा वेगळा दिसतोय’ हे तीन रकाने आखा. आवाज चढवू नका. ‘केसपेपरवर लिहा’ म्हणा. आणि डॉक्टरांच्या आचारसंहितेनुसार मागितल्यापासून ७२ तासांत कागदपत्रांची प्रत मिळायला हवी, हे ध्यानात ठेवा. लिहिणाऱ्याच्याही ध्यानात असतं.

दुसऱ्या रात्रीनंतर सकाळी घरी निघताना मी ती मनी प्लांटची कुंडी उचलून चपलांच्या पाटीपुढे ठेवली. डिस्चार्जच्या दिवशी गेलो तेव्हा चपलांची पाटी मोकळी होती आणि कुंडी परत सनदेपुढे होती.