आयत्या वेळचे विषय

महाड-पोलादपूरकडच्या माणसांना सभेची शिस्त नाही, असं ज्याला वाटतं त्याने आमच्याकडच्या ग्रामसभेची नोटीस एकदा वाचावी. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. जमाखर्चास मंजुरी देणे. शासन परिपत्रकांचे वाचन करणे. आणि सर्वांत शेवटी, मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणाऱ्या विषयांवर चर्चा करणे. इतकं घोटीव मराठी हल्ली लग्नपत्रिकेतसुद्धा मिळत नाही. भिंतीवर पुन्हा सूचना आहेतच. मोबाईल बंद ठेवावा, परवानगीशिवाय बोलू नये, वैयक्तिक टीका करू नये. पहिला मोबाईल वाजतो तो अध्यक्षांचा. ते बोलायला बाहेर जातात आणि परवानगीचा प्रश्नच मिटतो. मग वैयक्तिक टीकेला सुरुवात होते.

हे झालं माणसं आली तर. ग्रामसभेला मतदारांपैकी १५ टक्के किंवा १००, यातला जो आकडा कमी असेल तेवढी हजेरी लागते. पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एखाद्या वाडीची मतदार यादी घ्या. त्यातली निम्मी-शिम्मी नावं दिव्यापासून नालासोपाऱ्यापर्यंत पसरलेली असतात आणि ती गावात उगवतात गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात. २६ जानेवारीला झेंडावंदन उरकून शंभर माणसं आणायची कुठून? मग सभा तहकूब. आणि तहकूब झालेली सभा पुन्हा बोलावली, की तिला गणपूर्तीची अट नाही. कायदा लिहिणाऱ्याचं आजोळ आमच्याच बाजूचं असणार. माणसं आली नाहीत म्हणून सभा होत नाही, आणि माणसं आली नाहीत हे एकदा नीट नोंदवलं, की ती न येताही होते.

महिलांची सभा त्याआधी घ्यायची असते. तीही होते, म्हणजे सह्या होतात. पोलादपुरात पावसाळ्यात दरड आणि एप्रिल-मेमध्ये टँकर. इतका पाऊस पिणाऱ्या तालुक्यात बायकांनी काढलेला विषय पाण्याचाच असतो. मोठ्या सभेत तो आयत्या वेळच्या विषयांत येतो, आणि आयत्या वेळी पुरुषांची जेवायची वेळ झालेली असते. प्रोसिडिंग मात्र बघण्यासारखं. ‘सदर विषयावर सखोल चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर.’ खाली सूचक, खाली अनुमोदक. माझ्या पाहण्यातल्या वह्यांत विरोध नोंदवलेला ठराव मला अजून भेटायचा आहे. एकाच विहिरीवरून तीन पिढ्या न बोलणारी माणसं प्रोसिडिंगात शिरली की सर्वानुमते होतात.

पण ही सरकारी सभा म्हणजे लुटुपुटीचीच. खरी सभा गावकीची. ती देवळात भरते, सहाणेवर भरते, आणि गावाबाहेर भरते तेव्हा मुंबई मंडळाच्या नावाने रविवारी मुंबईतल्या एखाद्या शाळेच्या वर्गात भरते. तिथे सातवीच्या बाकांवर पन्नाशीचे गृहस्थ गुडघे वाकवून बसतात आणि गावात राहणाऱ्यांनी कसं राहायचं ते ठरवतात. तिला नोटीस नाही, लेखी नियम नाहीत, आणि कुणी नियम मोडायची हिंमत करत नाही. ज्याने पट्टी भरली नाही त्याने बोलायचं नाही. ज्याने भरली त्याने हिशेब विचारायचा नाही. धाकट्या भावकीने थोरलीच्या आधी तोंड उघडायचं नाही. बायकांनी उघडायचंच नाही. आणि जे ठरेल ते सगळ्यांनी ठरवलं असं मानायचं.

तरीही एखादा शहाणा निघतो. पालखीच्या मानाबद्दल विचारतो, देवळाच्या वर्गणीची पावती मागतो, मुलीने जातीबाहेर लग्न केलं तर तिला घरात घेतो. त्याच्याशी गावकी वाद घालत नाही. वाद घालणं म्हणजे त्याला बरोबरीचा मानणं. त्यापेक्षा त्याला वाळीत टाकलेलं बरं. दुकानदाराने मीठ-मिरची द्यायची नाही, लग्नात पान मांडायचं नाही, मयताला कुणी जायचं नाही, आणि जो त्याच्याशी बोलेल त्याला दंड. दंडाची रक्कम देवाच्या खात्यात, म्हणजे देवालाही यात ओढायचं. रायगड जिल्ह्याचं नाव वर्तमानपत्रांत किल्ल्यामुळे येतं तसं या प्रकरणांमुळेही येत राहिलं आहे. शेवटी महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध खास कायदा करावा लागला, देशातला अशा प्रकारचा पहिला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तेव्हापासून आमच्याकडे कुणी कुणाला वाळीत टाकत नाही. ‘आम्ही फक्त संबंध ठेवत नाही, साहेब.’ एवढं शिकलो. कायद्याचा हेतू हाच होता की काय, कोण जाणे.

आणि गंमत अशी, की विरुद्ध बोलणाऱ्याचं काय करायचं, याचा धडा याच महाडात देऊन झाला आहे. गावकीने ज्यांना देवळाच्या पायरीशीसुद्धा उभं केलं नव्हतं, त्यांनी तो दिला.

१९२७ चा मार्च. कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद १९ आणि २० तारखेला वीरेश्वर नाट्यगृहात भरली. दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे यांनी घाट घातला होता, सुरबानाना टिपणीस आणि अनंतराव चित्रे सोबत होते, अध्यक्ष डॉ. आंबेडकर. प्रतिनिधींच्या पाण्यासाठी चाळीस रुपये मोजावे लागले. चवदार तळं चार पावलांवर, पण ते सगळ्यांचं होतं, यांचं नव्हतं. कागदोपत्री यांचंही होतं. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा रावबहादूर बोल्यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ ला मंजूर केलेला, आणि त्याला धरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळं खुलं केल्याचा ठरावही करून ठेवलेला. इतिवृत्त कायम झालं होतं. पाणी तेवढं कुणी प्यायलं नव्हतं.

२० तारखेला परिषद आटपत आली. आभार मानायला चित्रे उठले. आभाराला उठलेल्या माणसाकडून आपली अपेक्षा काय असते? मंडपवाला, ध्वनिक्षेपकवाला, ज्ञात-अज्ञात हात. चित्र्यांनी सुचवलं, की नगरपालिकेने ठराव केलाच आहे, तर आत्ताच उठून तळ्यावर जाऊ आणि पाणी पिऊ. महाडच्या इतिहासातला सगळ्यात मोठा विषय असा आभारप्रदर्शनात आला. सगळे उठले, रांगेने बाजारातून गेले, आणि ओंजळभर पाणी प्यायले.

पुढचं माहीत आहेच. आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात घुसणार, अशी आवई उठली. ती बघता बघता गावभर पोचली, आणि खरी की खोटी हे विचारायला कुणी थांबलं नाही. जेवत असलेल्या, गावाकडे परतत असलेल्या माणसांवर लाठ्या घेऊन जमाव तुटून पडला. परिषदेला आलेल्यांत पलटणीतून परतलेले गडी काही कमी नव्हते. बाबासाहेबांनी हात उचलू नका म्हटलं, त्यांनी उचलला नाही. फिर्याद केली, खटला चालवला. गावाने काय केलं? १०८ घागरी पंचगव्य ओतून तळं शुद्ध केलं. आणि नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, तोही ४ ऑगस्टला. बोले ठरावाला बरोब्बर चार वर्षं झाली त्या दिवशी. तारखा जमवण्यात आमचा हात कुणी धरू नये.

मला खरं बोलायचंय ते त्याच वर्षाच्या डिसेंबरबद्दल. मार्चची गोष्ट शाळेच्या पुस्तकात आहे, मनुस्मृतीदहनाची तारीख सगळ्यांना पाठ आहे. डिसेंबरातल्या सत्याग्रह परिषदेच्या मंडपात सभा कशी चालली, हे मात्र कुणी फारसं सांगत नाही.

डिसेंबरात मंडपाला जागा द्यायला महाडातला एक हिंदू पुढे आला नाही. जागा दिली फत्तेखान यांनी. त्याआधी ब्राह्मणेतर चळवळीतल्या जेधे-जवळकरांनी पाठिंबा देऊ केला होता, अट एकच, चळवळीत ब्राह्मण नकोत. बाबासाहेबांनी अट साफ नाकारली. पाठिंब्याची किती गरज होती ते पाहिलं, तर नाही म्हणणं किती महाग पडणार होतं हे कळेल. मनुस्मृतीच्या दहनाचा ठराव मंडपात मांडला तो गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्ध्यांनी, म्हणजे जन्माने ब्राह्मणानेच. माणूस कोणत्या घरात जन्मला हे न बघता तो काय म्हणतो एवढंच ऐकायचं, ही अट त्या मंडपाने आधी स्वतःला लावून घेतली होती.

सत्याग्रहासाठी जमलेल्यांपुढे पेच टाकला तो कोर्टाने. सनातन्यांनी डिसेंबरातच दावा लावून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला होता. हुकूम मोडून तळ्यावर जायचं की नाही? मंडपाचा कल लपलेला नव्हता. जायचंच! दुसरी एखादी सभा असती तर हात वर करून, घोषणा देऊन पाच मिनिटांत विषय संपला असता. तिथे बाजूने बोलणारे उठले तसे विरुद्ध बोलणारेही उठले, आणि विरुद्ध बोलणाऱ्यांना कुणी खाली ओढलं नाही. इतकंच काय, खुद्द कलेक्टरला मंडपात बोलू दिलं. कोर्टाचा हुकूम पाळा, असं सांगायला आलेल्या गोऱ्या साहेबाचं भाषण, तुरुंगात जायला तयार असलेल्या हजारो माणसांनी ऐकून घेतलं. पटलं नाही. पण ऐकून घेतलं. मग तुरुंगात जायला कोण तयार आहे त्यांची नावं लिहून घ्यायला सुरुवात झाली, आणि ३,८८४ नावं झाली. हात वर केला की हात खाली करता येतो. नाव लिहून दिलं की बायकोला सांगावं लागतं.

आणि दुसऱ्या दिवशी अध्यक्ष उठून या ३,८८४ जणांच्या मनाविरुद्ध बोलले. सत्याग्रह तहकूब करू, सनातन्यांशी लढताना सरकारला उगाच अंगावर घेऊ नये, कोर्टात लढू. कल्पना करा. आदल्या संध्याकाळी टाळ्या घेऊन गेलेला माणूस दुसऱ्या सकाळी त्याच गर्दीला नको असलेलं सांगतो. गर्दीला न आवडणारं बोलायचं काम आपल्याकडे सहसा विरोधकांवर सोपवलेलं असतं. मंडप हिरमुसला, पण त्याने ठराव मानला. ‘विकला गेला’ असं ओरडत कुणी वेगळी परिषद काढली नाही. गावातून मिरवणूक निघाली, तळ्याला वळसा घातला, पाण्याला कुणी हात लावला नाही. तहकूब सभा या शब्दाला आमच्या तालुक्यात एवढी इज्जत पुन्हा कधी मिळाली नाही.

मग कोर्ट. खालचं कोर्ट, ठाणे, आणि मुंबई हायकोर्ट. तळ्यावरच्या मक्तेदारीची रूढी अनादिकालापासूनची आहे, हे सनातन्यांना सिद्ध करता आलं नाही. निकाल लागला १७ मार्च १९३७ ला. त्या पहिल्या ओंजळीला दहा वर्षं पुरी व्हायला तीन दिवस कमी होते. वाट पाहणाऱ्यांनी दहा वर्षं धीर धरला. गावकीला माझा नम्र प्रश्न असा, की पालखी पहिली कुणाच्या अंगणात थांबणार या वादात तुमचा धीर किती मिनिटं टिकतो?

हल्ली २० मार्चला आणि २५ डिसेंबरला महाडात माणसं लोटतात. लांबून, पदरमोड करून येतात, शिस्तीत चालतात, पुस्तकं विकत घेऊन जातात. बेशिस्त असते ती व्यासपीठावर. मान्यवरांच्या खुर्च्या वाढत जातात, नावं घेण्यात अर्धा तास जातो, प्रत्येक जण ‘वेळेअभावी दोनच शब्द’ म्हणून सुरू होतो. ज्या मंडपात कलेक्टरलाही लोकांच्या परवानगीने बोलावं लागलं, त्याच्या आठवणीला जमलेल्या लोकांना आता व्यासपीठाची परवानगी लागते, आणि ती मिळत नाही. बाबासाहेबांना अभिवादन करून उतरलेले काही जण त्याच संध्याकाळी आपल्या गावच्या गावकीत जाऊन बसत असतील, असा मला संशय आहे. नावं विचारू नका. मलाही गावात राहायचंय.

तर माझा एक ठराव आहे. दरवेळी इतिवृत्तात विरोधी मताला जागा असावी. ज्याने विरोध केला त्याचं नाव, त्याचं म्हणणं, त्याच्याच शब्दांत. आणि त्याला दुकानात मीठ मिळतंय की नाही, याची खात्री पुढच्या सभेत पहिल्या विषयाआधी करून घ्यावी. बाकी काही नको. मोबाईल वाजले तरी चालतील.

कच्चा ठराव आमच्या एका जाणत्या सदस्यांना वाचायला दिला. चष्मा लावून त्यांनी तो दोनदा वाचला. चांगला आहे म्हणाले, अगदी काळाची गरज वगैरे. मग वही पुढे सरकवत विचारलं, “सूचक म्हणून कुणाचं नाव टाकू? माझं नको. अनुमोदकही मी नको. तुम्ही असं करा, आयत्या वेळच्या विषयांत घ्या. तोवर सगळे गेलेले असतात.”