मेलुकोट्यावर दुसरी स्वारी

पुणेकराचा ट्रेक नेमका कुठल्या उंचीवर संपतो, याचे उत्तर सिंहगडाने कधीच देऊन ठेवले आहे: पिठले-भाकरी मिळते तिथे. तानाजी मालुसऱ्यांची समाधी त्यानंतर, आणि तीही मडक्यातले दही संपल्यावर. ही विद्या पुण्यापुरतीच राहिली असती तर तक्रार नव्हती. पण मराठी माणूस नोकरीसाठी बाहेर पडला आणि विद्याही सोबत गेली. म्हैसूरच्या मेटगळ्ळीपर्यंत.

मेटगळ्ळी हे काही पर्यटकांच्या नकाशावरचे नाव नाही. कृष्णराजसागर रस्त्यावरची ही औद्योगिक वसाहत. इथे टायरचा मोठा कारखाना आहे, शेजारी हेब्बाळला संगणकवाल्यांचे हिरवेगार आवार आहे, आणि भाड्याच्या फ्लॅटमध्ये ‘इथली हवा मात्र छान’ असे आईला फोनवर सांगणारा मराठी अभियंता आहे. नवरात्र जवळ आले की त्याचा पुण्यातला मित्र शरावती एक्स्प्रेसचे तिकीट काढतो. बेत ठरलेला असतो: शरदातली कोवळी उन्हे, रोज एक डोंगर, जमल्यास थोडे स्थानिक खाणे. मित्र उतरतो तो पन्नास लिटरची सॅक, दोन चालकाठ्या आणि घोट्यापर्यंतचे बूट घेऊन. समोर चामुंडी टेकडी दिसते. समुद्रसपाटीपासून ती हजार मीटरहून थोडी उंच असली, तरी शहरच साडेसातशे मीटरच्या वर वसलेले असल्याने प्रत्यक्ष चढ तीनशे मीटरच्या आतला आहे.

‘एवढीच?’ मित्र विचारतो. सिंहगड तेराशे मीटरचा असल्याचा अभिमान सॅकपेक्षा जड असतो.

सतराव्या शतकात दोड्ड देवराज वोडेयर यांनी या टेकडीवर हजारभर पायऱ्या बांधल्या आणि वाटेत एका अखंड खडकातून प्रचंड नंदी कोरवून घेतला. त्या पायऱ्या अनवाणी चढणाऱ्या बायका आजही दिसतात. प्रत्येक पायरीला वाकून हळद लावायची, कुंकू लावायचे आणि मग पुढची पायरी. म्हणजे हजार पायऱ्या आणि हजार वेळा वाकणे, चालकाठीविना. मित्र त्यांना ओलांडून नंदीपर्यंत पोचतो, बूट सैल करतो आणि तिथवर गाडीरस्ता आलेला पाहून त्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरते. उरलेला डोंगर ‘उद्या ताज्या दमाने’ या खात्यावर जमा होतो. त्या खात्यातून आजवर कोणी पैसे काढल्याचे ऐकिवात नाही.

तिथून नजरबादचे मायलारी. एकाच रस्त्यावर या नावाची दोन हॉटेले आहेत आणि मूळ कोणते यावर शहरात एकमत नाही. ‘आमची कोठेही शाखा नाही’ अशा पाट्यांच्या छायेत वाढलेल्या माणसाला हा वाद माहेरचा वाटतो. तो निकाल देण्यासाठी दोन्हीकडे खातो. डोसा कापसासारखा मऊ, वर विरघळणारे लोणी, पोटात भाजीचा सागू. मुंबईच्या गाड्यावर तव्यावरच बीट, कोबी आणि लाल चटणी रगडून जो ‘म्हैसूर मसाला’ मिळतो, तो इथे कोणीच करत नाही हे मित्राला मनापासून खटकते. खऱ्या म्हैसुराने मुंबईकडून काही शिकावे, असे त्याचे मत पडते.

आता याच दिवसांत, याच शहरात दुसरी एक मंडळी चालणे आणि खाणे हाच कार्यक्रम किती प्रामाणिकपणे करतात ते पाहण्यासारखे आहे. दसऱ्याचे हत्ती. ऑगस्टमध्ये नागरहोळेच्या काठावरच्या वीरनहोसहळ्ळीला त्यांची पूजा होते आणि गजपयण निघते. राजेशाहीत ते म्हैसूरपर्यंत पायी येत, आता लॉरीतून येतात. पायथ्यापर्यंत गाडीने जायची चाल हत्तींनीही स्वीकारली आहे. मात्र शहरात आल्याबरोबर त्यांना ट्रकांच्या वजनकाट्यावर उभे करतात आणि प्रत्येकाचा आकडा वर्तमानपत्रात छापून येतो. २०२० पासून अंबारी वाहणारा अभिमन्यू २०२४ साली पाच टनांच्या पुढे होता. मग खुराक सुरू होतो: उकडलेले उडीद, मूग, गहू, तांदूळ, भाज्या, लोणी, शिवाय भाताच्या पेंढ्यात बांधलेला गूळ, खोबरे आणि शेंगदाणे. त्या बदल्यात राजवाडा ते बन्नीमंटप अशी सुमारे पाच किलोमीटरची नियमित चाल. पाठीवर वाळूची पोती, आणि त्यांचे वजन हळूहळू वाढते, कारण विजयादशमीला साडेसातशे किलोंची सोन्याची अंबारी घेऊन हीच वाट तुडवायची असते. जंगलात परतण्याआधी पुन्हा काटा. वजन वाढलेलेच निघते, काहींचे शेकडो किलोंनी, आणि वनखाते ते अभिमानाने जाहीर करते. मेटगळ्ळीतही ट्रकांसाठी वजनकाटे आहेत. आपल्या ट्रेकरांनी अजून ती सोय वापरलेली नाही.

मिरवणुकीची वाट सय्याजीराव रस्त्यावरून जाते. हा रस्ता बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या नावाचा, हे कळताच मित्राचा चालण्याचा वेग वाढतो. तो थांबतो थेट गुरू स्वीट मार्टपाशी. नाल्वडी कृष्णराज वोडेयर यांच्या मुदपाकखान्यातल्या काकासुर मादप्पांनी म्हैसूरपाक पहिल्यांदा केला, असे सांगतात. हे दुकान त्यांच्याच वंशजांचे. रुखवतातल्या म्हैसूरपाकावर दात आजमावलेल्या पिढीला इथली तुपाळ वडी जिभेवर विरघळताना पाहून क्षणभर संशयच येतो. दुसऱ्या क्षणी अर्धा किलो बांधून घेतला जातो. आपल्याच महाराजांचा रस्ता म्हटल्यावर एवढे करावेच लागते.

कृष्णराजसागरही असेच आपले होते. धरणामागचे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले आणि त्यांचे स्वयंचलित दरवाजे आधी खडकवासल्याला बसले. त्यामुळे धरण मनाने पुण्यात जमा होते आणि चालत पाहायची गरज उरत नाही.

तिसऱ्या दिवशी पांडवपुराजवळची कुंतीबेट्ट ठरलेली असते. हैदर-टिपूच्या पदरी असलेल्या फ्रेंच फौजेचा तळ इथे होता, म्हणून इंग्रज या गावाला ‘फ्रेंच रॉक्स’ म्हणत. पांडव वनवासात इथे राहिले, ही त्याहून जुनी आख्यायिका. म्हणजे भीमही राहिला असणार, आणि तोही न्याहारी केल्याशिवाय डोंगर चढला नसणार. पण ऑक्टोबर हा म्हैसूरच्या सर्वाधिक पावसाच्या महिन्यांपैकी एक. शरदातली कोवळी उन्हे ही महाराष्ट्रातली कल्पना पहाटे पाचला धो-धो बरसते. खडक निसरडे झाले असतील, यावर दोघांचे पांघरुणातून एकमत होते. इडली मात्र पावसातही मिळते.

दुपारी उघडीप पडल्यावर गाडी मेलुकोट्याकडे निघते. वाटेत चिनकुरळी आणि मोती तलाव. या परिसरात मार्च १७७१ मध्ये त्र्यंबकराव पेठ्यांनी हैदर अलीचा दणदणीत पराभव केला. आजारी पडलेले माधवराव पेशवे मोहीम पेठ्यांवर सोपवून परतले होते. इथे मित्राला स्फुरण चढते. पुढचा भाग तो सांगत नाही: जिंकल्यावर या फौजेने मेलुकोट्याचे तीर्थक्षेत्र लुटले. लोखंड काढून घेण्यासाठी देवाच्या लाकडी रथांना आग लावली आणि ती इमारतींपर्यंत पसरली, असे ब्रिटिशकालीन गॅझेटियर म्हणते. रामानुजाचार्यांचे वर्षानुवर्षे वास्तव्य असलेल्या या गावाने मराठी पाहुण्यांना ओळखायला तेवढा परिचय पुरेसा आहे.

आताची स्वारी सौम्य असते. लोखंडात कोणाला रस नाही. लक्ष्य आहे पुळियोगरे, म्हणजे चिंच, गूळ आणि भाजल्या मसाल्यांचा चिंचभात, आणि तो घरी करण्यासाठी लागणारे गोज्जू. योगनरसिंहाचे देऊळ समोरच्या खडकावर उभे असते आणि पायऱ्या स्पष्ट दिसत असतात.

‘एष्टु बेकु?’ दुकानदार विचारतो.

मराठी फौजेला कन्नड येत नाही, पण एवढे कळते. ‘दोन किलो,’ मित्र म्हणतो आणि बोटेही दाखवतो. मग पेठेत कोणाकोणाला द्यायचे याची यादी आठवते आणि दोनाचे चार होतात. गोज्जू बांधून होईपर्यंत देऊळ पाहून येऊ, असे मेटगळ्ळीकर सुचवतो. मित्र दुकानाच्या पायरीवरून मोबाइल उंच धरतो, एक डोळा मिटतो आणि सांगतो की इथूनच अँगल चांगला मिळतोय.