मशीन कुणापुढे धरायचं?

१६ ऑक्टोबर २०२३ रोजी विराली मोदी यांचं लग्न खारच्या विवाह नोंदणी कार्यालयात लागलं. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही आणि नवरी व्हीलचेअरवर. सहीसाठी खाली या, ही विनंती कुणी मानली नाही. शेवटी नवरीला उचलून जिने चढवावे लागले. त्यांनी हे जाहीरपणे लिहिलं तेव्हा बोभाटा झाला, तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीसांनी माफी मागितली. पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने जुन्या सार्वजनिक इमारतींत सोयी करायला, नियम निघाल्यापासून पाच वर्षं दिली होती. नियम निघाले जून २०१७ मध्ये. म्हणजे त्या दिवशी मुदत उलटून सव्वा वर्ष झालं होतं.

‘उचलून नेलं ना वर, मग झालं की!’ असं म्हणणारेही भेटले. या ‘झालं की’चा मला संताप येतो. स्वतःच्या लग्नाला पोचायचं की जिन्यात पडायचं, हे दुसऱ्याच्या हातांवर सोडायला यांच्यापैकी कोण तयार होईल?

मुलुंडच्या एका साडीच्या दुकानात मध्यंतरी पाहिलेलं सांगते. व्हीलचेअरवरच्या बाई पन्नाशीच्या, सोबत कॉलेजात जाणारा भाचा. सेल्समनने साड्या उलगडल्या बाईंसमोर आणि विचारलं भाच्याला, ‘यांना मोठे काठ चालतील का?’ मुलगा गोंधळून मावशीकडे बघायला लागला. मावशींनी साडी निवडली, भावात घासाघीस केली, पर्समधून स्वतःचं कार्ड काढून दिलं. मशीन गेलं भाच्यापुढे. ‘पिन टाका, सर.’

‘पिन मला माहीत आहे,’ मावशी म्हणाल्या आणि हात पुढे केला.

सेल्समन उद्धट मुळीच नव्हता. त्याने पंखा त्यांच्याकडे वळवला होता, न मागता पाणी आणून दिलं होतं. पाय चालत नाहीत म्हणजे व्यवहारही दुसराच कुणी बघत असणार, एवढं त्याने मनाशी धरलं होतं. आपल्यातले बहुतेक जण हेच धरून चालतात.

चाळिशीच्या माणसाच्या हातात पांढरी काठी दिसली की आपण सर्रास ‘अरे, ये, बस इकडे’ म्हणतो. त्याच वयाच्या, लॅपटॉपची बॅग लावलेल्या माणसाला ‘बसा ना’. अपंग म्हणावं की दिव्यांग, यावर वाद घालायला आपल्याला वेळ असतो. (तो माणूस स्वतःला जे म्हणवतो, ते मला पुरतं.) क्रियापद मात्र एकेरीच राहतं.

अंधेरीला संध्याकाळी फलाटावर दृष्टिहीन प्रवासी उभा दिसला की कुणीतरी दंड धरून त्याला जिन्याकडे ओढतंच. त्याला जिना नको असतो, तिथेच थांबायचं असतं. अपंगांच्या डब्याची जागा सांगणारा बीप त्याने कानाने हेरलेला असतो. या ओढाओढीत जागा सुटते, कधी गाडीही. मदत करायची तर आधी तोंड उघडा: ‘मी तुमच्या उजवीकडे उभी आहे, काही मदत हवी का?’ हो म्हणाले तर कोपर पुढे करा, ते धरतील. काठीला हात लावू नका. नको म्हणाले तर राग कसला मानायचा?

डब्यात शिरल्यावर दुसरीच तपासणी सुरू होते. ‘तू तर धडधाकट दिसतोस, तुला काय झालंय?’ या डब्यातून कॅन्सरचे रुग्ण जातात, गरोदर बायका जातात, कर्णबधिर जातात. दुखणं दरवेळी दिसेलच असं नाही. मोठ्या माणसाने भर डब्यात आपला आजार, आपलं शरीर अनोळखी लोकांना उलगडून सांगायचं आणि मग बसायला मिळवायचं? घुसखोर खरोखरच असतात, त्यांना उतरवलंच पाहिजे. पण कार्ड मागायचा अधिकार टीसीचा आणि रेल्वे पोलिसांचा आहे, खिडकीजवळ बसलेल्या काकांचा नाही.